शेवटच्या कडव्यातलं नाव

थांब, थांब — काय वाचलंस ते? परत वाच. वरचं नको, वरचं ठावं हाय मला, ते समदं गाव म्हनतंय, लग्नाच्या मांडवात बी म्हनत्यात — खालचं वाच. शेवटच्या कडव्याच्या आधी काय घातलंस? — ‘दुधाचा निवद देवा, कधी चुकला न्हाई, लेक माझी निजली उपाशी, तुला दिसली न्हाई’ — हे कुनी सांगितलं तुला? भाऊसाहेबानं तुला टेप दिली, तिच्यात त्याच्या बापाच्या आवाजात समदं गानं हाय, पयल्यापासनं शेवटपतूर, त्यात हे कडवं न्हाई. मंग तुझ्या कागदावर कसं उगवलं? — कोन? रंगुबाई? तिसगावच्या बाजारात बोंबील इकती ती रंगी? तिच्याकडं कशाला गेल्तीस बाई तू? — हां. सरांनी धाडलं. एका तोंडाचं खरं मानायचं न्हाई, दोन तोंडं पायजेत. म्हंजी माझ्या पोरानं सांगितलं ते अर्धं, आन् बोंबीलवालीनं सांगितलं की झालं पुरं! बरं शिकवत्यात तुमचे सर.

न्हाई, रागावले न्हाई मी. बस. खाली बस, पान्याचा तांब्या घे. मला काय झालंय रागवायला? ते टेप बंद कर आधी — तांबडा दिवा दिसतोय मला, म्हातारी झाले, आंधळी न्हाई झाले अजून. कर बंद. हां. आता ऐक — ते कडवं खोटं हाय. काट मार त्याच्यावर. रंगीचं डोकं फिरलंय, वरीसभर झालं, कालचं आज आठवत न्हाई तिला, कुठल्या तरी जात्यावरच्या ओवीतलं घेतलं आन् शाहिरांच्या गान्याला चिकटवलं. तू पोरगी भोळी, लगी लिव्हून घेतलंस. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं असतं व्हय? उद्या तुमी ते कम्प्युटरवर चढवनार, परवाच्याला बुद्धपुनीव, इहारापुढच्या नव्या हॉलला शाहिरांचं नाव द्यायचं, पाव्हनं येनार, भाऊसाहेब दोन म्हयनं झालं चपला झिजवतोय त्याच्यासाठी — आन् असल्या टायमाला तू नवीन कडवं घिऊन आलीस. काट. माझ्या देखत काट.

का गं? पेन्सिल हातात हाय की. — इचारून काटनार? मला काय इचारायचं त्यात? न्हाई म्हनलं ना. — हे बग, मागल्या खेपंला आलीस तव्हा तूच सांगितलंस, आजी, आमच्या कालेजात जिल्ह्याचा कोश चाललाय, कागदाचं बूक न्हाई, इंटरनेटवर, टेलिफोनच्या तारंतनं दुनियाभर जातंय, कुनी अमेरिकेत बसला तरी त्याला आपला शाहीर दिसंल. आमी म्हनलं बरं झालं. जल्मभर उन्हातान्हात डफ घिऊन हिंडले, कुनी दोन वळी लिव्हल्या न्हाईत त्यांच्यावर, आता पोरं लिव्हत्यात तर लिव्हू द्या. भाऊसाहेबाला तर जेवान गेलं न्हाई त्या दिशी. आता बी बग, तुला फोटू पायजे म्हनलीस तर लुना काढून तसाच पळाला तिसगावला, फोटूवाल्यानं मोठा करून ठिवलाय, ते घेऊनच येतो म्हनला. येईल इतक्यात. त्याच्या लुनेचा आवाज पार फाट्यापासनं येतोय, सायलेन्सर फुटलाय. त्यो यायच्या आत काट मार आन् मिटव इषय. त्याच्यापुढं रंगीचं नाव बी काढू नको. आन् मला सांग — दूध कुठलं आलं गं त्यात? ‘दुधाचा निवद’! आमच्या दारात म्हस हुती व्हय? लेकराला चाटवायला दूध मिळत नव्हतं तिथं देवाला कुठनं? भाकरीचा निवद हाय ते. ‘भाकरीचा निवद देवा, कधी चुकला न्हाई.’ कोरडी भाकर, तिचा कोपरा मोडून देव्हाऱ्याम्होरं ठिवायचा. रंगीला एवढं बी नीट सांगता येईना.

— काय बगतीस?

— तसं न्हाई. मला ठावं हाय म्हंजी… ऐकलं असंल कव्हातरी. रंगीच्याच तोंडून. बायाबायांत चालतंय काय काय. तू लगी पेन्सिल नको टेकवू! ठिव खाली. बाई बाई, काय पोरगी हाय, सावेडीतनं दोन गाड्या बदलून आली, घामानं निथळतीया, पन पेन्सिल काय सोडीना.

इचार मंग. काय राह्यलंय अजून? — नागपूरचं? ते तर तुमी छापलंच की वर, दाखव त्यो कागद — कडंला भोकंभोकं असल्याला, हां — ‘धम्मदीक्षेनंतर नागपूरहून परतताना रेल्वेच्या डब्यात हे गीत रचले.’ बरोबर हाय. सत्काराच्या भाषनात ते स्वतः तसंच सांगायचे, नगरला शाल घातली तव्हा बी तेच सांगितलं, मी म्होरं बसल्याली हुते. — मंग? — गान्यातल्या डोहाचं काय? — अगं त्यात काय एवढं, ठरलंच हुतं तसं. गड्यांनी नागपूरला जाऊन बाबासाहेबांम्होरं दीक्षा घ्यायची आन् हिकडं बायांनी त्याच दिशी, दसऱ्यालाच, घरातले देव वढ्याच्या डोहात सोडायचे. ते तिकडं, आमी हिकडं. तसंच केलं. मी, रंगी, आनखी चार-दोघी. — व्हय, ते नागपूरलाच हुते. मंग त्यांना कसं कळलं म्हंजी? आल्यावर सांगितलं आसंल कुनी. — आल्यावर कसं, गानं तर रेल्वेतच झालं म्हनतीस? — अगं… शाहिराला दिसतंय बसल्या जाग्यावरनं. बाईच्या तोंडून बी गातो शाहीर, ती रीतच हाय, भाऊसाहेब तुला सांगंल नीट, त्यो ह्या इषयात बोलतोय चांगला. त्यो आल्यावर त्याला इच… न्हाई. त्याला नको इचारू.

लई खोदतीस तू. हिरीला पानी लागलं की थांबावं मानसानं. — काय दाखवतीस आनखी? ‘मागल्या अंगानं गेलो बाई, पाटलाचं कुत्रं जागं.’ बरं. ‘टाक गळ्याला टोचती, पदर झाला फाटका.’ बरं, मंग? — मंग काय. पदरात बांधले तर टोचत्यालच, देव कोरल्याले पितळंचे टाक, बोटाएवढाले, कडा धारदार. माझ्या लुगड्याला भोक पडलं हुतं हितं, ह्या खांद्याजवळ. — माझ्या म्हनलं व्हय मी? — म्हनलं आसंल. नेसल्याली मीच हुते तर कुनाच्या म्हनू?

हां. कळलं मला तुझं. तुला वाटतंय म्हातारीला बोलतं करावं. तू बी हुशार आन् तुझे सर बी हुशार. पन एक सांग, तुमचाच नेम हाय ना — तूच मागल्या खेपंला बोट ठिवून दाखवलंस — शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव, त्यो कवी. जुन्या शाहिरांची रीत हाय म्हनलीस, आपलं नाव शेवटाला गुंफत्यात, त्यावरनं वळखायचं गानं कुनाचं. मंग हाय की नाव! साऱ्या दुनियेला दिसतंय. ‘सहादेवाच्या दारी बाई, उजेड नवा आला, बुद्धाचं नाव घेता अंधार मागं ऱ्हायला.’ झालं न्हाई व्हय तुमचं? आनखी काय पायजे?

हसतीस का गं? — न्हाई, हसलीस तू. — मी नाव घेतलं म्हनून? अगं गान्यात घेतलं. आदीपासनं बग तू, मी ‘शाहीर’ म्हनते, ‘भाऊसाहेबाचा बाप’ म्हनते, नुसतं तोंडानं त्यांचं नाव न्हाई घेत मी. आमच्या टायमाला बाई नवऱ्याचं नाव घेत नव्हती. मतदानाला गेले तव्हा त्यो मास्तर इचारतोय, बाई मालकाचं नाव सांगा, मी गप, शेवटी रंगीनं सांगितलं. नाव घ्यायचं ते उखान्यात. हळदीला, लग्नाला, चार बायांनी वाट अडवली की — दारात. कडंला. शेवटाला. आडवळनानं, काहीतरी जोडून, आन् मंग नाव. 

…

व्हय.

आता कळलं ना तुला. तुझ्या तोंडावरच दिसतंय. तुमाला ती शाहिराची सही वाटली. तुमालाच कशाला, समद्यांना तेच वाटलं — नगरच्या लोकांना, शाल घालनाऱ्यांना, माझ्या पोराला. अगं खुळे, बाईनं नवऱ्याचं नाव घेतलंय ते! उखाना हाय त्यो. डोहावरनं वल्या लुगड्यानं माघारी आले, घरात देव्हारा मोकळा, कसंनुसं झालं — जल्मापासनं जितं हात जोडले तितं नुसता कोनाडा. ह्यो मानूस तिकडं नागपूरला. मला लई एकटं वाटलं. तसंच चुलीपाशी बसून जुळवत गेले, एकाला एक लागत गेलं, आन् शेवटाला काय करावं, तर त्याचं नाव घेतलं. घरात कुनी नव्हतं ऐकायला. त्याच्या दारी उजेड आला म्हनलं. माझा जीव हुता त्याच्यावर, आता लपवून काय करू.

लिव्हू नको! — लिव्हू नको म्हनलं ना. हे कागदावर जायचं न्हाई. माझं ऐकून घे आधी. ते नागपूरहून आले, अंगावर पांढरी कापडं, डोळ्यात पानी, काय काय सांगत हुते. मी भाकरी थापत गुनगुनत हुते. म्हनले, झुंबर, काय ते? परत म्हन. म्या म्हनलं. मंग डफ घेतला खुंटीवरचा. पोरी, त्यो गळा काय गळा हुता! माझं गानं माझ्याच अंगावर काटा आनीत हुतं. वस्तीतली समदी मानसं गोळा झाली. तव्हा कुनी इचारलंच न्हाई, कुनी जोडलं. गानारा म्होरं उभा हाय, शेवटाला नाव हाय, कोन इचारतंय? आन् मला बी वाटलं, बरंय की. बाई मानूस फडात उभी ऱ्हायली आसती तर लोकांनी शिट्या मारल्या असत्या. त्याला गळा, मला जोडनं. मंग दुसरं जोडलं, तिसरं जोडलं, समद्यांच्या शेवटाला मी हौसंनं नाव घ्यायची. समदी माझी. रानातल्या कामाचं, इहाराचं, ते पोरींच्या शाळंचं. त्यांनी स्वतः एक बी जोडलं न्हाई जल्मात. बसायचे कव्हा कव्हा कागद घिऊन, डोकं खाजवायचे — आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं यील?

वाईट नव्हता गं मानूस. मारलं न्हाई, दारूला शिवला न्हाई. पयले पयले घरी आला की म्हनायचा, आज तुझ्या गान्याला लोक रडले. तुझ्या. मंग म्हनायला लागला, आपल्या गान्याला. मंग शाल घातली नगरला, हार घातला, तितं कुनीतरी इचारलं, शाहीर, हे कसं सुचलं? — आन् मी म्होरं बसल्याली, नवं लुगडं नेसून — ह्यांनी रेल्वेचा डबा सांगितला. म्या आपल्या टाळ्या वाजवल्या. मनाला समजावलं. म्हनलं, चार मानसांत अडचन झाली आसंल, सांगितलं कायतरी. पन त्याच्या मागनं एकदा — भाऊसाहेब शाळंत जात हुता तव्हा — मी जातं फिरवता फिरवता तेच म्हनत हुते, डोहाचं. हे आतनं आले. म्हनले, ‘चुकीचं म्हनतीस. माझं गानं असं मोडू नको.’

माझं गानं, म्हनले मला.

मी जातं थांबवलं. तवापासनं म्या एक वळ जोडली न्हाई. लोक म्हनायचे, शाहीर आता नवीन काय करीत न्हाईत, वय झालं. वय न्हाई झालं बाई त्यांचं, माझं तोंड मिटलं हुतं. आन् तू आज काय केलंस? तू बी तेच. ‘झाडीला’चं ‘झाडला’ केलंस, ‘दिशी’चं ‘दिवशी’ केलंस, शुद्ध करते म्हनलीस, आन् वर दूध घातलंस त्यात! माझ्या म्होरं बसून मला माझंच गानं चुकीचं वाचून दाखवतीस. म्हनून तोंडातनं गेलं ते भाकरीचं. न्हाईतर कशाला बोलले असते? झाकली मूठ सव्वा लाखाची. इतकी वर्सं झाकली, एक दीड दिवस आनखी झाकता आली नसती व्हय मला?

बरं, आता तूच सांग. तू शिकल्याली हाईस. आता काय करशील? — सरांना सांगशील. सर काय करत्याल? — ह्यांची नोंद काढून टाकत्याल. कारन कवी त्यो न्हाईच. बरं. मंग माझी घालत्याल? — न्हाई ना! जित्या मानसावर नोंद करत न्हाईत तुमी. तूच सांगितलंस, मी इसरले न्हाई. मानूस मेल्याबिगर खरा न्हाई तुमच्या सरांच्या लेखी. म्हंजी त्यो मेलाय पन त्याचं गानं न्हाई, आन् जिचं गानं हाय ती मरंना! मंग गानं कुनाच्या नावावर? — ‘पारंपरिक’. म्हंजी कुनाचंच न्हाई. वाऱ्यावरचं. वा रं न्याव. आन् परवाच्याला पाव्हनं येत्याल, हॉलवर नाव रंगवल्यालं आसंल, आन् भाऊसाहेबाला कुनीतरी सांगंल की बाबा, तुझा बाप शाहीर नव्हता, नुसता गात हुता. माझं पोर मरंल गं लाजंनं. पयल्यापासनं बापावर जीव त्याचा, त्याच्या छातीत दुसरं काय हायच न्हाई. मी आय असून हे करू व्हय त्याला? म्हनून म्हनते, काट ते कडवं, रंगीला सोड, आन् जसं हाय तसं चढव. शाहिरांचं नाव, रेल्वेचा डबा, समदं. माझी हरकत न्हाई. सांग तुझ्या सरांना, दोन तोंडं मिळाली, दोनी बायांची, दोनी येकच बोलल्या.

काटतीस ना?

…का गं? आता काय झालं? — काय म्हनलीस? — कडवं कुनी गाळलं? त्यांनीच. टेपावर न्हाई कारन त्यांनी कव्हाच म्हनलं न्हाई. पयल्या रातीला म्या म्हनून दाखवलं ना, तव्हा त्याच कडव्यावर उठून भाईर गेले. मंग म्हनले, हे नको, लोकांना जोश पायजे, हे रडगानं होतंय. खरं तसं नव्हतं. त्यांना म्हनता यायचं न्हाई ते. — का म्हंजी? कारन ते — तू इचारू नको. पोरी, हे न्हाई सांगायचं मला.

रंगीनं काय सांगितलं तुला? ‘लेक’ म्हनली? ‘लेक माझी निजली उपाशी.’ नाव न्हाई सांगितलं? …गुनाची हाय रंगी. शिव्या घातल्या मघाशी तिला. गुनाची हाय.

बनू. बनू नाव हुतं तिचं. ‘बनू माझी निजली उपाशी, तुला दिसली न्हाई.’ भाऊसाहेबाच्या आधीची. नुकती बोलाया लागल्याली. त्या उन्हाळ्यात ताप आला, घरात काय नव्हतं, वस्तीतच काय नव्हतं, कामं बंद. आन् मी येडी, सासू म्हनाली देवाचा निवद मोडू नको, घरात आजारपन हाय, देव कोपंल — तर हुती तेवढी भाकर, तिचा कोपरा रोज देव्हाऱ्याम्होरं. पोर बगायची तिकडं. हात करायची. मी तिचा हात धरून मागं घ्यायची, देवाचं हाय बाळा. …ती गेली. दसऱ्याला ते टाक पदरात बांधले ना, तव्हा मला काय नागपूर न्हाई दिसलं न् काय न्हाई दिसलं, त्यो हात दिसला. डोहात एक एक सोडताना म्या देवाला तेच इचारलं, म्हनून ते कडवं. समदं गानं त्याच्यासाठी हाय, बाकीचं नुसतं आजूबाजूला हाय. आन् तेच न्हाई गायलं कुनी. तिची कुठं नोंद न्हाई, पोरी. जल्माची न्हाई, मेल्याची न्हाई. फोटू तर कुठला. भाऊसाहेबाला एवढंच ठावं, आपल्या आधी एक पोर गेलं. मुलगा का मुलगी, हे बी त्यानं कव्हा इचारलं न्हाई, म्या बी सांगितलं न्हाई.

रडू नको तू. तुला रडाया नव्हतं सांगितलं. पदर — ओढनी घे ती, पूस.

ऐक. मागल्या खेपंला आनखी येक बोललीस तू. कागदाच्या बुकाचं आन् ह्या कम्प्युटरचं येगळं हाय म्हनलीस. छापल्यालं बूक बदलता येत न्हाई, हे येतं. खरं हाय ते? — चढवल्यावर बी? लोकांनी बघितल्यावर बी? — पुसता येतं, परत लिव्हता येतं, आधीचं ऱ्हाऊ देऊन नवीन घालता येतं. आन् हे कोन करतं, तुमचे सरच का? — तूसुदीक? तुला दिलंय शिकवून? बरं. बरं झालं.

मंग असं कर. कडवं काटू नको. ऱ्हाऊ दे. दूध काढ, भाकर घाल. लेक काढ, बनू घाल. माझ्या तोंडी जसं हाय तसं, शुद्धबिद्ध काय न्हाई. उद्या चढवताना नाव शाहिरांचंच ऱ्हाऊ दे, परवाच्याला माझ्या पोराचा दिवस हाय, त्यो गोड होऊ दे. कडव्याचं कुनी इचारलं तर सांग, टेपावर राह्यलं हुतं, बायकोनं सांगितलं. खोटं न्हाई ते. आन् ह्याच्या म्होरलं माझ्यासाठी — मी मेल्यावर ये. न्हाई, येऊ नको बी, तितंच बसून कर. तुझा नेम पुरा होईल तव्हा. शाहिरांना पुसू नको. त्यांना ऱ्हाऊ दे. एवढंच लिव्ह — जोडलं झुंबरबाईनं, गायलं — तुला ठावं हाय नाव. पन तव्हा सर इचारत्याल, पुरावा कुठंय? दोन तोंडं पायजेत. रंगीला गाठ जाताना, आजच गाठ, ती थोरली हाय माझ्यापेक्षा, तिचं काय खरं न्हाई. आन् दुसरं तोंड…

लाव ते टेप. लाव म्हनते ना, परत म्हननार न्हाई मी. तांबडा दिवा लागला? ह्याच्यात तोंड घालून बोलायचं का लांबून चालतं? — बरं. कितीक वर्सं म्हनलं न्हाई, गळा लागंल का न्हाई कुनास ठावं. —

‘दसऱ्याच्या दिशी बाई, देव्हारा म्या झाडीला,
पदरात बांधुनी देव डोहामंदी सोडीला…’

— थांब, पुढलं येतंय, थांब —

‘भाकरीचा निवद देवा, कधी चुकला न्हाई,
बनू माझी निजली उपाशी, तुला दिसली न्हाई…
बनू माझी निजली उपाशी…’

— अगं बया. तू कव्हा आलास रं? लुनेचा आवाज न्हाई आला तुझ्या — पेट्रोल संपलं? फाट्यापासनं ढकलीत आनली? घामाघूम झालास. फोटू मिळाला? दे हिकडं, त्या भित्तीला टेकव, नीट टेकव. चांगला आलाय. फेटा सरळ हाय. — काय न्हाई रं, पोरगी इचारीत हुती, तुझ्या बापाचंच गानं म्हनून दाखवत हुते तिला…

काय?

…कोन बनू इचारतोस.

पोरी, तू निघ आता. तुझी गाडी जाईल. ते टेप घे, पिशवीत नीट ठिव, उन्हात ठिवू नको. आन् तिसगावात उतरशील तव्हा सांगितलंय ते इसरू नको. जा. तांब्या ऱ्हाऊ दे तितंच, मी उचलते मंग. चपला घाल. जा, जा.

भाऊसाहेब, बस रं. बस हितं माझ्याजवळ.